क्लिकर घ्यावा, तोंडाने ‘शाब्बास’ म्हणावं, की साखळीवाला ट्रेनर बोलवावा?

माझ्या मावसबहिणीने गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये सापडलेलं एक देशी पिल्लू घरी आणलं. आठवडाभरात तिचा फोन आला, “ताई, ते टिकटिक वाजणारं क्लिकर मागवू का? शेजारचे काका म्हणतात साखळी लावून दोन झटके दिले की सरळ होतं.” तिला जे सांगितलं, तेच जरा सविस्तर लिहिते.

क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी प्लास्टिकची डबी. आत पोलादी पट्टी असते, अंगठ्याने दाबली की ‘टिक्-टॅक्’ वाजते. जत्रेत पत्र्याचा टिकटिकणारा बेडूक मिळायचा, त्यातलाच प्रकार. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1951 साली एका लेखात अशाच स्वस्त खेळण्याने कुत्र्याला शिकवता येतं हे समजावून सांगितलं होतं. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी 1990 नंतर ही पद्धत घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत नेली.

यातली खरी करामत वेळेची आहे. कुत्रं बसलं, तुम्ही खिशात हात घातला, तुकडा काढला, पुढे केला. एवढ्यात दोन-तीन सेकंद गेले आणि ते उठून तुमच्या अंगावर उडी मारून मोकळं झालं. मग खाऊ बसल्याचा की उडीचा, त्याला काय कळणार? आवाज नेमका तो क्षण पकडतो: हे केलंस, याचा खाऊ येतोय. म्हणून आधी नुसतं टिक करायचं आणि लगेच खाऊ द्यायचा, असं पंधरा-वीस वेळा. टिक वाजल्याबरोबर ते मान वळवून खाऊ शोधायला लागलं की समजायचं, अर्थ बसला. त्यानंतर एक नियम मोडायचा नाही. चुकून वाजलं तरी खाऊ द्यायचाच.

मग हेच काम एखादा शब्द करणार नाही का? करतो. इटलीतल्या संशोधकांनी 51 कुत्र्यांना ब्रेडचा डबा उघडायला शिकवलं. काहींना क्लिकर लावून, काहींना ‘ब्राव्हो’ म्हणून, काहींना नुसता खाऊ देऊन. 2016 साली निष्कर्ष छापून आला: तिन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. त्यामुळे क्लिकरशिवाय कुत्रं शिकतच नाही, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. बस, ये, थांब, लिफ्टपाशी उभी राहा, हे सगळं शब्दावर छान होतं. फिरायला नेताना तर शब्दच बरा. एका हातात पट्टा, दुसऱ्यात खाऊ, समोरून स्कूटर. डबी धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

शब्दाची अडचण आपल्या घरांत निराळीच येते. ‘शाब्बास’ आजी नातवालाही म्हणते, आजोबा टीव्हीवरच्या चौकारालाही म्हणतात. दिवसातून पन्नास वेळा ऐकू आलेल्या आणि पाठोपाठ खाऊ न आलेल्या शब्दाला कुत्रं किंमत देत नाही. म्हणून घरात एरवी कुणी बोलत नाही असा छोटा आवाज ठरवा. मी जीभ टाळूला लावून ‘टॉक्’ काढते. घरात चार-पाच माणसं असतील आणि सगळ्यांना शिकवण्यात भाग घ्यायचा असेल, तर मात्र मी क्लिकरच सुचवेन. तो आजीच्या हातून वाजो की धाकट्याच्या, आवाज तोच राहतो. दोनशे रुपयांच्या आत मिळतो.

आणि नखांसाठी तर मी क्लिकर सोडणारच नाही. आमची कुत्री भुरी नेलकटर दिसलं की पलंगाखाली जायची. त्यात पहिल्यांदा टिक केलं तेव्हा त्या आवाजालाही ती बिचकली, कारण दिवाळीतल्या फटाक्यांपासून तिला कुठलाही खटका सहन होत नाही. डबी मोज्यात गुंडाळली, तरी नको. शेवटी खटक्याचं बॉलपेन वापरलं, ते चाललं. मग कटर जमिनीवर ठेवलं. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं की टिक आणि चिकनचा तुकडा. तीन दिवस एवढंच. मग पंजा हातात घेतला, तिने ओढून घेतला नाही की टिक. मग थंड धातू नखाला टेकला, टिक. पहिलं नख अकराव्या दिवशी कापलं. पंजा सैल पडतो तो अर्धा सेकंद शब्दाने पकडायला मला जमलं नसतं. मांजरांचंही तसंच, त्यांचा पाच मिनिटांचा मूड असतो, त्यात मोजकं आणि नेमकं काम क्लिकरने होतं.

आता साखळी. भुरी लहान असताना आम्हीही एका ट्रेनरला बोलावलं होतं. गळ्यात आवळणारी साखळी घालून त्याने झटका दिला आणि ती जागीच मुतली. ती बसली खरी, पण पुढे दोन महिने घरात कुणीही अनोळखी पुरुष आला की ती दाराआड जायची. पोर्तुगालमध्ये 92 कुत्र्यांवर झालेल्या, 2020 साली छापून आलेल्या अभ्यासात शिक्षेच्या पद्धतीने शिकणाऱ्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, जास्त आढळलं. वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर 2010 पासून बंदी आहे. कंबोडियात भूसुरुंग हुंगून शोधणारा मगावा नावाचा उंदीर क्लिकर आणि खाऊ यांवरच तयार झाला होता. त्याला 2020 साली ब्रिटनमधल्या प्राणिसेवी संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. जिवावरचं काम मारझोडीशिवाय शिकवता येत असेल, तर पायपुसण्यावर बसायला शिकवण्यासाठी साखळी कशाला?

खाऊचं थोडक्यात. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. उकडलेलं चिकन, कलेजी, शाकाहारी घरात पनीर. दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको, तेवढं जेवणातून वजा करा. प्रसादातल्या मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण अजिबात नको. ती कुत्र्याला विषासारखी आहेत.

मावसबहिणीच्या घरी सासू-सासरे, दोन मुलं आणि ती दोघं. तिला म्हटलं, क्लिकर मागव, पण तो येईपर्यंत पेनने सुरुवात कर. काल तिने व्हिडिओ पाठवला. पिल्लू दाराची बेल वाजल्यावर पायपुसण्यावर बसलंय, मागून सासूबाईंचा आवाज, “अगं, टिक कर ना लवकर, उठेल ते!”