तालुक्याच्या शाळेचे मैदान : एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी गेली तीन वर्षे दिंडोरी तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात शिकत आहे. ज्या मैदानामुळे आम्ही तिला नाशिक शहरातील शाळेत घालण्याचा विचार सोडला, त्या मैदानाविषयीच येथे लिहितो. निकाल चांगला लागतो, एवढे सांगितले की बाकीचे पुरे.

खो-खो हा या शाळेचा खरा विषय आहे. 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद क्रीडांगण मुलेच आखतात. तळाला भोके पाडलेल्या तेलाच्या डब्यातून फक्की सोडत दोरीच्या कडेने चालण्याचे काम आठवीकडे असते आणि रेषा वाकडी गेली, तर दहावीच्या मुली ती पायाने पुसून पुन्हा आखायला लावतात. आठवडे बाजार मैदानाच्या कडेलाच भरत असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सरावापूर्वी सगळी मुले एका ओळीत वाकून खडे आणि कांद्याची टरफले वेचत पुढे सरकतात. खांबावर सूर मारणे मात्र दोन महिने नुसते बसून खो देण्याचा सराव झाल्याशिवाय शिकवले जात नाही. सुरुवातीला मुलगी यावर कुरकुरत असे. मला ही पद्धत पटली, कारण घाईने सूर मारणाऱ्यांची कोपरे कशी सोलवटतात, हे मी सामन्यांत पाहिले आहे. 26 जानेवारीला ध्वजवंदनानंतर आजी-माजी विद्यार्थ्यांचा सामना होतो आणि त्यात पोट सुटलेले माजी खेळाडू पहिल्या तुकडीतच बाद होतात, याची गावाला आगाऊ कल्पना असते.

धावण्याची गोष्ट वेगळी आहे. मैदानात 200 मीटरचाच ट्रॅक बसतो, त्यामुळे 1500 मीटरसाठी साडेसात फेऱ्या मोजाव्या लागतात आणि त्या अर्ध्या फेरीचा घोळ दरवर्षी होतो. म्हणूनच लांब पल्ल्याचा सराव पहाटे द्राक्षबागांमधल्या शिवाररस्त्यावर चालतो. याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यांचे छायाचित्र शाळेच्या व्हरांड्यात लावलेले आहे. सावरपाडाही आपल्यासारखेच खेडे आहे, हे सर मुलींना वारंवार सांगतात. रिलेचा बॅटन म्हणजे नळाच्या पाइपचा तुकडा आहे, पण बॅटन देण्याघेण्याचा सराव चोख करून घेतात.

तक्रारी दोन आहेत आणि त्या लहान नाहीत. मुलींना कपडे बदलण्यासाठी स्वतंत्र खोली नाही. त्या प्रयोगशाळेचे दार लावून घेतात आणि बाहेर एक मैत्रीण पहाऱ्याला उभी राहते. माझ्या मुलीचा घोटा मुरगळला, तेव्हा प्रथमोपचाराच्या पेटीत मुदत संपलेले मलम आणि कापसाचा बोळा यांखेरीज काही निघाले नाही. लेखी अर्ज दिल्यावर पेटी भरली गेली. खोलीचा प्रश्न मात्र पालक सभेच्या इतिवृत्तातच अडकला आहे. शिवाय दहावीच्या खेळाच्या तासाला गणित घेण्याची सवय या शाळेलाही आहेच.

मुलांसाठी शाळा शोधणाऱ्यांनी जूनमध्ये कार्यालयात चौकशी करून परत जाऊ नये. तालुकास्तरीय स्पर्धेआधी पावसाची उघडीप पाहून सकाळी सहाला मैदानावर यावे. प्रवेश घेतलाच, तर घरातले जुने पायमोजे टाकू नयेत, कारण त्यांचा पंजा कापून ते कोपरांवर चढवल्याशिवाय येथे कोणी खांबाजवळ जात नाही.