शाहूपुरीतली मटण थाळी आणि वहिनींची थट्टा

कोल्हापुरात शाहूपुरीत आठ टेबलांची एक खानावळ आहे. दोन वर्षं झाली, रविवारचं जेवण आमचं तिथंच. तांबडा झणझणीत, पण घसा जाळत नाही. पांढऱ्यात खसखस आणि नारळाचं दूध छान लागतं. सुकं मटण कधी उत्तम, कधी नुसतं बरं. थाळी ३५० रुपये.

मला खरं लिहायचंय ते गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनींबद्दल. गेल्या महिन्यात नव्या पोराच्या हातून पांढऱ्याची वाटी माझ्या टेबलावर सांडली. पोरगं पार घाबरलं. वहिनी तिथूनच म्हणाल्या, "पूस बाळा. मी तर पहिल्याच पंगतीला मामंजींच्या धोतरावर सांडलावता. तरी नांदवलंच की मला!" सगळे हसले, पोरगंही हसलं. थोड्या वेळानं तेच पोरगं वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणालं, "काका, ह्या पातेल्यातलं मटण चिवट झालंय. धा मिनटं थांबा, दुसऱ्यातलं आणतो." वहिनींनी नुसती मान हलवली.

मी २२ वर्षं फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात काढली. तिथले एक साहेबही थट्टेखोर होते, पण त्यांची थट्टा कायम समोरच्यावर. एका मोल्डरनं, म्हणजे साचे करणाऱ्या कामगारानं, कास्टिंगमधलं ब्लोहोल (ओतताना वायू अडकून पडलेलं भोक) दाखवलं, तर "आज चष्मा पुसून आलास वाटतं!" म्हणून सगळ्यांदेखत त्याची टर उडवली. पुढच्या खेपेला ब्लोहोल दिसूनही तो गप्प राहिला. अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो, हे अजून सलतं.

मुलगी एमबीएला असताना तिनं संशोधक सॅम याम आणि सहकाऱ्यांचा २०१८ सालचा अभ्यास समजावला होता. वरिष्ठ विनोदी असला की माणसं कामात रमतात, पण नियम थोडा मोडला तर चालतो असंही त्यांना वाटू लागतं. विनोद टोचणारा असेल तर हे दुसरं जास्तच. वहिनींकडेही त्याची झलक दिसते: पोरं गप्पांत रंगतात, भाकरी दोनदा मागावी लागते. म्हणून एक तारा कमी, पाचपैकी चार.

रविवारी साडेबाराच्या आत पोहोचा. पांढरा संपला असेल तर पोरं दारातच सांगतात.