२०२, ११२ की ७००: यातला कुठला खेळ पूर्ण करायला घ्यावा?

सेल लागला की हे तिन्ही व्हिडिओ गेम एकाच वेळी स्वस्त होतात आणि मग गोंधळ उडतो. सेलेस्ट, हॉलो नाइट आणि रेमन लेजंड्स. वरचे आकडे याच क्रमानं या तिघांच्या "पूर्ण"चे. तिन्ही खेळ बाजूनं दिसणारे, उड्या मारत पुढे सरकायचे, तिन्हींचं नाव मोठं. मावसभावानं गेल्या दिवाळीत हाच प्रश्न टाकला होता: "दादा, एकच घेणार आहे. पण घेतला की पूर्ण केल्याशिवाय सोडणार नाही. कुठला घेऊ?"

नुसती गोष्ट संपवायची असेल तर डोळे मिटून कुठलाही उचला, पैसे वसूल आहेत. "पूर्ण" म्हटलं की हिशोब बदलतो. पहिले दहा-बारा तास जे कंट्रोल गोड वाटतात तेच शेवटी शेवटी अंगावर येतात, कारण तोवर खेळ तुमच्याकडून नेमकेपणाच मागत असतो. म्हणून मी ग्राफिक्स, संगीत सगळं बाजूला ठेवून एकच गोष्ट बघतो: चुकलो तर हा खेळ मला पुढची दोन मिनिटं काय करायला लावतो?

हाताला कसा लागतो

सेलेस्ट २०१८चा. करायच्या गोष्टी तीनच: उडी, डॅश (म्हणजे झटक्यात मारलेली झेप) आणि भिंत पकडणं. डॅश आठ दिशांना, हवेत एकदाच. पाय जमिनीला टेकले किंवा वाटेतला हिरवा स्फटिक मिळाला की पुन्हा भरतो. डॅश शिल्लक आहे की नाही हे नायिका मॅडेलिनच्या केसांवरून कळतं. लाल म्हणजे आहे, निळे म्हणजे संपला. कोपऱ्यात कुठे आकडा नाही, पट्टी नाही. नजर तिच्यावरून हटवावीच लागत नाही. भिंतीला फार वेळ लटकलात तर दम संपतो, ती लालसर लुकलुकायला लागते आणि घसरते.

हा खेळ क्रूर आहे असं सगळे सांगतात, पण तो गुपचूप किती मदत करतो हे फार कोणी सांगत नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही क्षण उडी लागते. जमिनीला टेकण्याच्या जरा आधी बटण दाबलं तरी ते लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी मिळते. डोकं छताच्या कोपऱ्याला निसटतं घासलं तर खेळच तुम्हाला दोन-चार पिक्सेल बाजूला सरकवून वर जाऊ देतो. भिंतीला न चिकटताही, जवळ असलात तर भिंतीवरून उडी मारता येते. निर्माती मॅडी थॉर्सन हिनं ही सगळी माया स्वतः जाहीरपणे उलगडून सांगितली आहे. परिणाम असा की दोनशेव्यांदा मेल्यावरसुद्धा "बटण लागलंच नाही" असं तोंडातून निघत नाही. चूक आपली असते आणि ती आपल्याला दिसलेली असते.

माझ्याबाबतीत मात्र पहिले चार दिवस बटण खरंच लागत नव्हतं. लॅपटॉपच्या कीबोर्डवर खेळत होतो. मूळ मांडणीत सी उडीला, एक्स डॅशला, झेड भिंत पकडायला. वरचा बाण, उजवा बाण आणि एक्स एकत्र दाबले की डॅश कधी नुसता उजवीकडे जायचा, कधी जायचाच नाही. मी स्वतःला दोष देत बसलो. शेवटी टाइप करायच्या खिडकीत तेच बाण धरून एक्स दाबून पाहिला, तर अक्षर उमटेचना. स्वस्त कीबोर्डवर ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की एक गिळली जाते, त्यातली ही भानगड. डॅश दुसऱ्या कळेवर नेला आणि प्रश्न मिटला. खेळ घेण्याआधी ही अर्ध्या मिनिटाची चाचणी करून बघा. कंट्रोलर असेल तर सेलेस्टसाठी स्टिकपेक्षा बाणांचा डी-पॅड बरा. घाईत स्टिक जराशी कलली की आडवा डॅश तिरका होतो आणि थेट काट्यांत.

हॉलो नाइट (२०१७, ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा) हाताला वेगळाच लागतो. यातला नायक, एक छोटा सरदार, एकाच वेगानं चालतो, बोट उचललं की जागच्या जागी थांबतो. घसरणं नाही, धाव घेणं नाही. उडी किती उंच जाईल हे बटण किती वेळ धरलं यावर, आणि सोडलं की लगेच तुटते. हे सगळं इतकं कोरडं आणि चोख आहे की पहिल्या तासाला कंटाळवाणं वाटेल. डॅश, भिंतीवरची उडी, दुहेरी उडी हळूहळू मिळत जातात, तेव्हा कुठे हात मोकळा होतो.

खरा खेळ आहे तलवारीत, म्हणजे तिथल्या 'नेल'मध्ये. शत्रूवर वार केला की आपणही किंचित मागे सरकतो. कड्याच्या टोकाशी उभं राहून वार केला की मागच्या मागे खाली. हे थांबवायला एक चार्म, म्हणजे अंगावर लावायचा ताईत, मिळतो, पण चार्म लावायच्या खाचा मोजक्या आणि तो एक खाच अडवतो. नकाशावर आपण कुठे आहोत हे दाखवणारा होकायंत्राचा चार्मही एक खाच खातो. म्हणजे इथं कंट्रोलसुद्धा विकत घ्यायचे आणि त्यासाठी दुसरं काहीतरी सोडायचं. खाली वार करून काट्यांवरून, शत्रूंवरून टणाटण उसळत जाणं ही या खेळातली सगळ्यात सुखाची क्रिया. स्टिक पुरेशी खाली नसेल तर मात्र आडवा वार होतो आणि तुम्ही काट्यांवर बसता. (२०२५ला आलेल्या सिल्कसाँगवर, म्हणजे याच्या पुढच्या भागावर, डोळा ठेवून सराव म्हणून हा घेणार असाल, तर तिथं सुरुवातीला खालचा वार तिरका जातो. इथं लावलेली सवय तिथं मोडावी लागते. मला महिना लागला.)

बरं होण्याची रीतही कंट्रोलचाच भाग आहे. शत्रूला तीन वार लागले की एक मुखवटा (इथं जीव मुखवट्यांत मोजतात) भरण्याइतकी 'सोल' नावाची शक्ती जमते, पण भरायला बटण धरून स्थिर उभं राहावं लागतं. बॉस, म्हणजे मोठा शत्रू, समोर असताना तो एक-दीड सेकंद शोधणं, हीच अर्धी लढाई.

रेमन लेजंड्स (२०१३, युबिसॉफ्टच्या मोंपेलिए स्टुडिओचा) या दोघांच्या मानानं सैलसर आहे आणि ते बरंच आहे. धावायचं बटण एकदा धरलं की सोडू नये अशा बेतानं लेव्हल रचल्यात. वेग धरून भिंतीवर चढत जायचं, केसांचा पंखा करून तरंगायचं, ठोसा मारायचा. संगीताच्या लेव्हल्स तर अशा की उडी, ठोसा, घसरण सगळं तालावर पडतं. ताल चुकलात की चुकलातच, पण बरोबर लागलं की समोरून बघणाऱ्यालाही कळतं. उणं म्हणाल तर मर्फीच्या लेव्हल्स. तिथं रेमननं पळायचं आणि एका उडत्या किड्याला बटण दाबून दोर कापायला, फळ्या सरकवायला लावायचं. मुळात ही कल्पना टच स्क्रीन असलेल्या यंत्रासाठी होती. साध्या कंट्रोलरवर ती "आता दाब, आता दाब" एवढीच उरते.

"पूर्ण" म्हणजे नक्की किती

इथून पुढे तिघांची तोंडं तीन दिशांना.

सेलेस्टमध्ये १७५ लाल स्ट्रॉबेऱ्या आहेत. त्यांनी काही मिळत नाही, आणि तसं खेळ स्वतःच सुरुवातीला सांगून टाकतो. नुसतं उचलून भागत नाही, सुखरूप जमिनीवर पाय टेकले की मगच ती आपली. काहींना पंख असतात. डॅश केला की उडून जातात, म्हणून ती खोली डॅशशिवाय पार करायची. शिवाय लपलेल्या कॅसेट. त्या सापडल्या की त्याच प्रकरणाची बी बाजू, म्हणजे जास्त अवघड आवृत्ती, उघडते, बी बाजू सगळ्या झाल्या की सी. २०१९ला फुकटात आलेला फेअरवेल हा शेवटचा भाग एकटाच शंभरावर खोल्यांचा आहे, आणि डॅश करता करता जमिनीवरून उडी काढून वेग मिळवण्याची चाल तो पडद्यावर तक्ता लावून शिकवतो. इथपर्यंतचं सगळं मी केलं, आणि चिकाटीच्या कुणालाही जमेल असं माझं मत आहे. कारण मेलात की त्याच खोलीच्या दाराशी, सेकंदाच्या आत. खोली साधारण पडद्याएवढी. शिक्षा नाही, पायपीट नाही, जमवलेलं काही जात नाही.

मग सोनेरी स्ट्रॉबेऱ्या येतात आणि नेमका हाच करार मोडतो. प्रकरणाच्या सुरुवातीला ती उचलायची आणि अख्खं प्रकरण एकदाही न मरता संपवायचं. मेलात की पहिल्यापासून. चंद्रावरची एक आणि या सगळ्या सोनेरी धरून बेरीज २०२ होते. मी सहा आणल्या आणि थांबलो. तिसऱ्या प्रकरणात शेवटून दुसऱ्या खोलीत मेलो त्या रात्री लॅपटॉप मिटून सरळ भांडी घासायला गेलो होतो. त्यामुळे १७५वर थांबून खेळ पूर्ण झाला असं म्हणणाऱ्याला मी तरी हसणार नाही. हात अडखळत असेल तर असिस्ट मोड आहे: वेग कमी करा, दम अमर्याद करा, हवं तर अमर व्हा. खेळ त्यावरून टोमणा मारत नाही.

हॉलो नाइटचा आकडा ११२ टक्के. मूळ खेळाचे शंभर, आणि २०१७-१८मध्ये फुकट आलेल्या जोडभागांनी तो वाढत गेला. बॉस, चार्म, मुखवट्याचे तुकडे, जादू, सगळ्याचे टक्के. गंमत म्हणजे त्यातलं सगळ्यात अवघड ते मोजलंच जात नाही. करवतींनी भरलेल्या पांढऱ्या महालातली 'पाथ ऑफ पेन' पार केलीत तरी टक्का नाही. बॉसांच्या रांगा लावलेले पाच पँथिऑन आहेत. पहिल्या चारांत प्रत्येकी दहा लढती आणि एकेक टक्का; पाचव्यात ४२, तेही सलग, आणि टक्के शून्य. म्हणजे ११२ हा माणसाच्या आवाक्यातला आकडा आहे. पण वेळखाऊ, कारण इथं चुकीची किंमत पायपिटीत वसूल होते. मेलात की ज्या बाकावर शेवटचे विसावलात तिथं जागे होता, जवळचे सगळे पैसे तुमच्या सावलीपाशी पडलेले, आणि ती सावली तुमच्याशीच लढते.

यातलं एक काम जवळून सांगतो, कारण निर्णय त्यावरच ठरावा. एक दुःखी बाई एक नाजूक फूल देते, ते दूर राणीच्या बागेतल्या एका कबरीवर ठेवायचं. बदल्यात मुखवट्याचा तुकडा, आणि सगळे तुकडे लागतातच, म्हणून टाळता येत नाही. वाटेत एकदा जरी मार बसला तरी फूल कोमेजतं. स्टॅगवर, म्हणजे प्रवासाला वापरायच्या प्राण्यावर, बसून गेलात तरी कोमेजतं. म्हणजे अर्ध्या राज्यातून पायी. जाणकार काय करतात, तर आधी मोकळ्या हातानं वाट चालून शत्रू साफ करतात आणि मग मध्ये कुठेही बाकावर न बसता फूल घेऊन निघतात. बाकावर टेकलात की मेलेले सगळे परत उभे. मी पहिल्यांदा सवयीनं बसलो. नवी उडी नाही, नवी चाल नाही, तेच कंट्रोल, पण त्या दहा मिनिटांत उडी किती उंच धरायची याचा विचार मी कधी नव्हे इतका केला. हे वाचून तुम्हाला "वा" वाटलं तर हॉलो नाइट घ्या. "कशाला" वाटलं तर ११२च्या नादी लागू नका.

रेमनमध्ये ७०० टीन्सी, म्हणजे कैद झालेले छोटे जीव, सोडवायचे. हे तिघांतलं सगळ्यात आनंदाचं काम, घरात कोणी सोबत असेल तर दुप्पट. एक मेला की फुगा होऊन तरंगत येतो आणि दुसऱ्यानं फोडला की परत खेळात. लपलेले टीन्सी "वाचवा" म्हणून ओरडतात, त्यामुळे डोळ्यांबरोबर कानही लागतात. जीव मोजायची भानगड नाही आणि आधीच्या भागातल्या ४० लेव्हल्सही यात नव्यानं घातल्यात. घाम फुटतो तो 'आक्रमण' झालेल्या लेव्हल्समध्ये. तिथं घड्याळ चालू असतं आणि रॉकेटला बांधलेले टीन्सी एकेक करून उडून जातात. एक अडखळ आणि तिसरा गेला. पण लेव्हल मिनिटभराची, पुन्हा करायला जिवावर येत नाही.

अडचण वेगळीच आहे. ७०० झाल्यावर खेळ तुमची "ऑसमनेस" पातळी मोजत राहतो, आणि तिच्या शिखरासाठी रोजच्या नि आठवड्याच्या ऑनलाइन शर्यतींचे चषक लागतात. ते कौशल्यानं एका शनिवार-रविवारात उरकत नाही, दिवसच भरावे लागतात, आणि कंपनीचा सर्व्हर चालू असावा लागतो. माझ्या लेखी ७००ला रेमन पूर्ण. त्यापुढची हजेरी झाली.

मग कुठला

रात्री जेवणानंतर अर्धा-पाऊण तासच हाताशी असेल तर सेलेस्ट. अर्ध्या तासात पाच खोल्या होतात, लॅपटॉप मिटला तरी काही बिघडत नाही. घरात मुलं असतील, किंवा दुसरा कंट्रोलर धूळ खात पडला असेल, तर रेमन. लहान पोरांना सेलेस्ट देऊन त्यांचा हिरमोड करू नका. आणि सलग दोन-तीन तास बसता येणार असेल, वाट चुकण्याचा राग येत नसेल, तर हॉलो नाइट. कीबोर्डवरच खेळणार असाल तर माझ्या मते तिघांत हॉलो नाइट सगळ्यात नीट चालतो, कारण त्यात तिरक्या दिशांची गरजच जवळपास नाही.

मावसभावाला मी सेलेस्ट सांगितला होता. त्यानं हॉलो नाइट घेतला. गेल्या बुधवारी रात्री पावणेदोनला त्याचा फोटो आला: राणीची बाग, कबर समोर दिसतेय, आणि फूल कोमेजलेलं. खाली एवढंच लिहिलं होतं, "दादा, बाकावर बसायचं नाही हे आधी सांगायचं ना."