धिंगरीच्या खोलीतला कार्बन डायऑक्साइड सेन्सर : दोन हंगामांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, साताऱ्यात कास रस्त्यालगत असलेल्या आमच्या धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) खोलीसाठी मी एनडीआयआर प्रकारचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारा कार्बन डायऑक्साइड सेन्सर पुण्याच्या एका पुरवठादाराकडून घेतला. भिंतीवरचा डबा, त्यात रिले म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच आणि रिलेवर एक्झॉस्ट पंखा, एवढीच मांडणी आहे. रेंज, अचूकता वगैरे माहिती जाहिरातीत मिळते, ती येथे पुन्हा देत नाही. लिहिण्याचे कारण असे की या उपकरणातल्या एका ‘सोयी’ने माझ्या मालाची प्रत घालवली आणि त्या सोयीचा साधा उल्लेखही सोबतच्या पुस्तिकेत नव्हता.

सुरुवातीचे आठवडे मी पूर्ण समाधानी होतो. त्याआधी वापरलेला स्वस्त सेन्सर कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजतच नव्हता. हवेतल्या इतर बाष्पांवरून तो अंदाज बांधत असे, त्यामुळे ओल्या काडाचा वास सुटला की आकडा भलताच चढायचा. प्रकाशाने मोजणाऱ्या सेन्सरचे तसे होत नाही. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतो, नायट्रोजन आणि ऑक्सिजन तो शोषत नाहीत. दिव्यापासून डिटेक्टरपर्यंत किती प्रकाश पोहोचला यावरून वायूचे प्रमाण ठरते. पंखा टायमरवर न चालता गरजेपुरता चालू लागला, वीजबिल कमी झाले आणि भर पावसाळ्यात बाहेरची गार, ओली हवा विनाकारण आत येणेही थांबले.

दिवाळीच्या सुमारास मात्र पीक बिघडू लागले. देठ लांब, छत्र्या लहान आणि कडा आत वळलेल्या. ज्यांनी धिंगरी केली आहे त्यांना हे लक्षण नवे नाही. काड भरलेल्या पिशव्यांत अळिंबीची बुरशी पसरत असताना कार्बन डायऑक्साइड काही हजार पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) गेला तरी पिकाला बाधत नाही, पण फळ धरताना तो हजाराच्या आत ठेवावा लागतो. पडद्यावर तर आठशेच्या आसपासचा आकडा दिसत होता. महाबळेश्वर-पाचगणीचे हॉटेलवाले असा माल घेत नाहीत. तो साताऱ्याच्या मंडईत पडेल त्या भावाने द्यावा लागला. शेवटी एका स्नेह्यांचा हातात धरायचा मीटर आणून शेजारी ठेवला. माझा डबा ७८० दाखवत होता आणि तो मीटर दीड हजाराच्या वर होता.

पुरवठादाराच्या सेवा विभागाने फोनवरच निकाल दिला की दमट हवेने सेन्सर गेला आहे, पुण्याला पाठवा, कॅलिब्रेशनचे, म्हणजे मोजणी पुन्हा जुळवून देण्याचे शुल्क वेगळे पडेल. ते शुल्क नव्या उपकरणाच्या जवळजवळ निम्मे होते. पावती, हमीपत्र आणि दोन्ही मीटरची छायाचित्रे पाठवूनही उत्तर तेच आले. त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता तर ‘घेऊ नका’ एवढेच लिहिले असते.

पैसे भरण्याआधी मी आतल्या मूळ सेन्सरचे तांत्रिक पत्रक शोधून वाचले आणि तिथे माझे मत बदलले. सेन्सर बिघडलेला नव्हता. तो सांगितलेले काम करत होता. त्यात ‘एबीसी’ नावाची स्वयंचलित दुरुस्ती चालू होती. ठरावीक काळातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे ती गृहीत धरते आणि त्या आकड्याला ४०० मानून पुढची सगळी मोजणी खाली ओढते. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे योग्यच आहे, कारण दिवा जुना होऊन मंदावला की कमी प्रकाश म्हणजे जास्त वायू असा सेन्सरचा समज होतो आणि तो चुकीचा चढ अशाने आपोआप पुसला जातो. अळिंबीची खोली मात्र कधीच रिकामी नसते. पिशव्या रात्रंदिवस श्वास घेत असतात. माझा पंखा ९०० ला सुरू होऊन ७५० ला बंद होतो, म्हणजे ७५० च्या खाली खोली जाणारच नाही. सेन्सर त्या ७५० ला ४०० कडे ओढतो, त्यामुळे पंखा उशिरा लागतो, खरी पातळी वाढते, पडद्यावर पुन्हा ७५० ते ९०० दिसते आणि पुढच्या फेरीत पुन्हा तीच ओढ. हळूहळू वाटखर्ची काढून घेणाऱ्या भागीदारासारखा हा प्रकार आहे, हिशेब दरवेळी जुळलेलाच दिसतो. हरितगृह, गोठा, शीतगृह अशा जागी ही दुरुस्ती बंद ठेवावी, असे त्या पत्रकात स्पष्ट छापलेले आहे. शेतकऱ्यांना विकणाऱ्याने ते शेतकऱ्यांना सांगितले नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

पत्रकातल्या रीतीने एबीसी बंद केली आणि डबा बाहेर ओट्यावर आणून ताज्या हवेत कॅलिब्रेट केला. यासाठी दुपारची वाऱ्याची वेळ निवडावी. पहाटे शेताजवळची स्थिर हवा रात्रभराच्या पिकांच्या श्वसनाने भरलेली असते आणि तिच्यातले प्रमाण जास्त असते. डब्यावर वाकून उभे राहू नये, कारण आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. आकडा स्थिरावला की मगच बटण दाबावे. सेन्सर ४०० धरतो आणि आजची खरी हवा ४२० च्या थोडी वर आहे, पण अळिंबीला एवढ्या फरकाने काही होत नाही. त्यानंतर स्नेह्यांचा मीटर आणि माझा डबा जवळजवळ एकच आकडा दाखवू लागले आणि पुढच्या तोडणीला छत्र्या पुन्हा रुंद आल्या. शुल्क वाचले ते वेगळेच.

उंचीचीही दुरुस्ती सेटिंगमध्ये असते, ती करावी. सेन्सर प्रत्यक्षात रेणू मोजतो, आणि सातारा सुमारे ७०० मीटरवर असल्याने विरळ हवेत आकडा साधारण ८ टक्के कमी येतो. महाबळेश्वरला हा फरक १५ टक्क्यांच्या घरात जाईल.

डब्याच्या छिद्रावर एक पांढरी, कागदासारखी जाळी असते. धिंगरीचे बीजाणू तिच्यावर पिठासारखे बसतात आणि मग दार उघडले तरी आकडा उतरायला बराच वेळ लागतो. मऊ कोरड्या ब्रशने ती झाडावी, पाणी लावू नये. फॉगरच्या, म्हणजे खोलीत धुके सोडणाऱ्या यंत्राच्या समोर डबा टांगू नये. आतल्या आरशावर थेंब धरले की आकडा उड्या मारतो. सेवा विभागाचे दमटपणाचे म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे.

दुसऱ्या खोलीसाठी मी थोडे जास्त पैसे देऊन दोन वाहिन्यांचा सेन्सर घेतला आहे. त्यातली दुसरी वाहिनी कोणताही वायू शोषत नाही अशा, ४ मायक्रोमीटरच्या जवळच्या पट्ट्यात दिव्याचा स्वतःचा उजेड तपासत राहते, त्यामुळे दिवा मंदावल्याचे तिला थेट कळते आणि एबीसीवर विसंबावे लागत नाही. पहिला डबाही कामावर आहे, फक्त दर हंगामाच्या आधी तो ओट्यावर आणतो. नव्या पुरवठादाराकडून पैसे देण्याआधीच ‘एबीसी बंद करून दिली आहे’ असे बिलावर लिहून घेतले. जुन्या पुरवठादाराला पुस्तिकेत ही सूचना पहिल्या पानावर छापण्याची विनंती लेखी केली आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही.