नुसता प्रोसेसर बदलू, की बोर्डासकट? मामांचा पीसी आणि माझा पीसी

मामांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या केबिनमधला पीसी २०१६ सालचा. इंटेलचा कोअर आय३-६१०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. राजारामपुरीतला माझा पीसी त्याहून दोन वर्षांनी धाकटा, एएमडीचा रायझन ३ २२००जी, बी४५० बोर्ड, एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान) पहिल्यापासूनच. दोन्ही एकाच सुमारास रडायला लागले. मामांनी फोनवरच निकाल लावला, "आरं, आय७ टाकूया की त्यात. मग बघ कसं पळतंय!"

माझ्या मशीनमध्ये नुसता प्रोसेसर बदलला आणि पैसे वसूल झाले. मामांच्यात तेच केलं असतं तर पैसे पंचगंगेत. सगळी मेख बोर्डात आहे.

एच११० बोर्डावर इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीचेच प्रोसेसर चालतात. आठवी पिढी ऑक्टोबर २०१७ मध्ये आली. सॉकेटचं (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच) नाव तेच, एलजीए ११५१, चिप खाचेत बसतेही, पण बोर्ड तिला ओळखत नाही. जुन्या बाजारात इथेच फसगत होते. म्हणजे मामांना वर जायला जागा फार तर आय७-७७०० पर्यंत. आय३ चे २ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), याचे ४ कोअर आणि ८ थ्रेड. ऐकायला दुप्पट. पण हा आता जुनाच घ्यावा लागतो, आणि त्या बोर्डावर चालणारा वरचा माल म्हणून विकणारा भाव सोडत नाही. उलट २०२२ च्या आय३-१२१०० मध्येही ४ कोअर, ८ थ्रेडच आहेत आणि एकेक कोअर कितीतरी चपळ. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे मामांना चपळ कोअर हवा, जास्त कोअर नव्हेत. कुणी ७७००के गळ्यात मारायला बघितला तर घेऊ नका. तो ९१ वॅटचा, स्वस्तातल्या एच११० बोर्डाला त्याला वीज पुरवताना धाप लागते.

एएमडीचं एएम४ सॉकेट या बाबतीत दिलदार निघालं. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत सॉकेट एकच. माझ्या बी४५० ला फक्त बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागला. तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचा, नवीन बसवल्यावर स्क्रीनच आली नाही तर अपडेट करणार कशावर? आणि यूपीएस लावून करा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड मेला समजा.

एका ठिकाणी मीही घसरणार होतो. रायझन ५ ५६०० मागवायच्या बेतात होतो, मग लक्षात आलं की त्याच्यात पडद्यावर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नाही आणि माझ्याकडे वेगळं कार्ड नाही. घेतला ५६००जी, ६ कोअर, १२ थ्रेड, ग्राफिक्स आतच.

जुना काढताना एक सांगतो. एएम४ च्या पिना बोर्डावर नसतात, प्रोसेसरच्या पोटाला असतात. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकली असेल तर कूलरला चिकटून प्रोसेसर खटका न उघडताच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं पीसीवर काम करून तो गरम केला, मग बंद करून वायर काढली, आणि कूलर सरळ न ओढता डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवला. मामांच्या इंटेलमध्ये उलटं, पिना बोर्डावर. तिथे वाकल्या तर बोर्डच गेला.

आता विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत २२००जी नाही, पण ५६००जी आहे, म्हणजे त्याच खर्चात माझा हाही प्रश्न सुटला. बायोसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) सुरू केलं, झालं. (डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल तर प्रोसेसर बदलण्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवा.) आय७-७७०० मात्र त्या यादीत नाही. मामांनी तो टाकला असता तरी बँक आणि जीएसटीचं काम करणारं मशीन विंडोज १० वरच अडकलं असतं.

तरी मामांना लगेच बोर्ड बदलायला लावलं नाही. सोमवारी वर्कशॉप बंद होतं तेव्हा गेलो, टास्क मॅनेजर उघडला. डिस्क १०० टक्के, प्रोसेसर ३० टक्क्यांच्या आसपास. (४ थ्रेडच्या मशीनमध्ये एकच थ्रेड पूर्ण दमला तरी आकडा २५ च दिसतो, म्हणून प्रत्येक थ्रेडचा आलेख वेगळा बघावा.) माझ्याकडे लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट करताना चारही आलेख छताला टेकायचे आणि डिस्क निवांत. मामांकडे सगळे डिस्कची वाट बघत बसलेले. प्रोसेसरच्या पंख्यात लेथचा बारीक कीस आणि ऑइल मिसळून काळा लगदा झाला होता, तो खरवडला, नवी पेस्ट लावली, साटा एसएसडी बसवली.

विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, ते चालू केलं. त्याच्या आत आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड घ्यायचा, पण डीडीआर४ रॅमवाला, कारण मामांची रॅम त्याच प्रकारची. त्याच नावाचे डीडीआर५ बोर्डही मिळतात आणि त्यात मामांची रॅम बसणार नाही. कॅबिनेट आणि एसएसडी तीच राहील. विंडोज पीसीबरोबर आलेलं असेल तर लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, ते मात्र खर्चात धरायला हवं.

एसएसडी टाकल्यावर मामांनी ड्रॉइंग उघडलं. चहाचा कप तोंडाला लावायच्या आत ते पडद्यावर. दोन मिनिटं नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "गिऱ्हाइकाला आय७ आहे म्हणून सांगितलं तर चालंल का रं?"