आधी तोंड की आधी पाठ?

बडोद्यात दांडिया बाजारात रस्त्याकडेला गाडी लावायच्या दोन रीती: सरळ पुढून शिरायचं, नाहीतर रिव्हर्सनं आत घ्यायचं. पुढून शिरणं झटपट होतं खरं. पण वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, आणि आपण बसलेलो उजवीकडे. डावं मागचं चाक फुटपाथच्या दगडाला घासलं की आवाजावरूनच कळतं. माझ्या अलॉयच्या चाकावरचा ओरखडा असाच पडला, अजून हळहळ वाटते. रिव्हर्सला वेळ लागतो, मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत! डावा आरसा खाली झुकवला की चाक आणि दगड दोन्ही दिसतात, वीतभर अंतर राखता येतं. पुढून शिरायचंच असेल, तर निदान दोन गाड्यांची मोकळी जागा बघा.