आर्णी रस्त्यावरचं फाट्यावरचं हॉटेल: आलुबोंडा, तर्री आणि भिंतीवरचा नकाशा

यवतमाळहून आर्णीकडे जाताना एका फाट्यावर टिनाच्या शेडमध्ये हे हॉटेल आहे. पाटी नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची ९ वर्षं याच फाट्यावर एसटीची वाट पाहण्यात गेली. निवृत्त झाले तरी सोमवारी बाजाराला निघाले की पाय इकडेच वळतात.

आलुबोंडा सकाळी आठच्या पहिल्या घाण्यातला घ्या. कव्हर पातळ, आत लसूण आणि हिरवी मिरची ठेचून घातलेली, वर हरभऱ्याची तर्री आणि बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. १५ रुपयांत दुपारपर्यंत भूक लागत नाही. दुपारनंतरचा मात्र घेऊ नका, तेच तेल पुन्हा तापवतात, घशाशी येतं. मालकांना दोनदा सांगून झालं. चहा छान उकळलेला असतो, साखर जास्त. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, ही मोठी उणीव आहे.

पण मी लिहायला बसले ते नकाशासाठी. गल्ल्यामागच्या भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा प्लायवुडवर चिकटवलेला आहे, वर प्लॅस्टिक. सकाळी पेपर मोठ्यानं वाचला जातो आणि त्यावर बोलणं सुरू होतं. मालकांचा नियम एकच: ज्या देशाबद्दल बोलायचं, त्यावर आधी बोट ठेवायचं. "पयले बोट ठेव, मंग बोल." तर्रीच्या बोटांनी काश्मीरवर, गाझावर, काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाला प्लॅस्टिक पिवळं पडलं आहे.

मागच्या महिन्यात युक्रेनवरून जुंपली. भरतीची तयारी करणारा एक पोरगा म्हणाला, भारतानं एका बाजूनं उतरलंच पाहिजे, एवढा मोठा देश आपला. त्याचं बोट आधी पोलंडवर गेलं. मालकांनी ते धरून क्रिमियावर आणलं आणि म्हणाले, हे रशियानं २०१४ मध्ये घेतलं, उरलेल्यासाठी २४ फेब्रुवारी २०२२ ला रणगाडे घातले.

एक शेतकरी तावातावानं म्हणाला, "आपण काऊन पडाव त्यायच्या भांडणात? डीएपी खताचं पोतं कुठी भेटते ते सांगा पयले." त्याचं चूक नव्हतं. ते युद्ध पेटलं तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचा भाव इथल्या किराणा दुकानात आम्ही सगळ्यांनी पाहिला. ते तेल बरंचसं युक्रेनहूनच यायचं.

मग एक निवृत्त कंडक्टर बोलले, आणि मी कप खाली ठेवला. ते म्हणाले, विधवेच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, शेजाऱ्यानं रातोरात कोरला तर गावानं गप बसायचं का? युक्रेननं १९९४ मध्ये आपल्याकडची अण्वस्त्रं सोडून दिली, तुझ्या सीमा पाळू असं रशिया, अमेरिका, ब्रिटन तिघांनी लिहून दिलं. त्या कागदाचं काय?

पोराला जोर आला. "बांगलादेशच्या वेळी गेलोच ना आपण?"

तेव्हा मी उठले आणि श्रीलंकेच्या उत्तर टोकावर बोट ठेवलं. माझा दादा महार रेजिमेंटमध्ये होता, १९८७ ला जाफन्याला गेला. त्याची पत्रं मीच आईला वाचून दाखवायची. एका पत्रात सगळं मिळून तीन ओळी: तब्येत ठीक, इथं नारळ स्वस्त, पाऊस फार. आई तेवढंच पुन्हा पुन्हा वाचायला लावायची.

पोराला म्हटलं, १९७१ वेगळं होतं. १ कोटी निर्वासित आपल्या दारात आले होते, ३ डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले, १६ तारखेला ढाका पडलं आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य परत निघालं. श्रीलंकेत २९ जुलै १९८७ ला करार झाला तो भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांचा. वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या ज्या तमिळ वाघांची हत्यारं काढून घ्यायची होती त्यांची त्यावर सहीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ऑक्टोबरमध्ये करार राखायला गेलेली आपली शांतिसेना तमिळ वाघांशीच लढत होती. दादाच्याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला तिथं पडले, परमवीर चक्र मिळालं. पुढं श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच परत जा म्हटलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी निघाली, तोवर अकराशेहून जास्त जवान गेले होते. धुऱ्याच्या भांडणात काठी घेऊन उतरलेला तिसरा माणूस दोघांचाही वैरी होतो, हे आमच्या घरानं भोगलं आहे.

पण कंडक्टरांचंही मला पटलं, आजही पटतं. सैन्य नको. तरी २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांत १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं, ५ रशियाच्या बाजूनं गेले, ३५ तटस्थ राहिले, त्यांत आपण होतो. धुरा कोरला, एवढं तरी म्हणायचं होतं. साक्ष द्यायला काठी लागत नाही. शेतकऱ्याला हे पटलं नाही. तो म्हणाला खत रशियाहून येते, तोंड उघडून कसं चालेल? मालकांनी दोघांच्या चहात आलं जास्त घातलं. एकही जण उठून गेला नाही. गावच्या ग्रामसभेतही मी असं शांत ऐकून घेणं पाहिलेलं नाही, म्हणून या हॉटेलला माझे पाचपैकी पाच, तेलाचं गाऱ्हाणं धरूनसुद्धा.

दिवाळीत दादाला घेऊन गेले होते. तो सहसा कुठं थांबत नाही. नकाशापुढं उभा राहिला, जाफन्यावर बोट ठेवलं आणि बोललाच नाही. नियमानं आता त्यानं बोलायचं होतं. सगळं बाकडं गप्प. मालकांनी काही विचारलं नाही, त्याचा थंड झालेला कप उचलला आणि दुसरा आणून ठेवला. निघताना पैसे एकाच कपाचे घेतले.